मेस्त्री म्हणतात, मारुतीच्या रिंगा बसतील

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापत नाही, कारण गाडीच अशी आहे की गाव सांगितलं तर घराचा पत्ता सांगितल्यासारखं होईल.

वडिलांनी हौसेनं घेतलेली सॅन स्टॉर्म त्यांच्याकडे आहे. गोव्यात बनलेली, दोन सीटांची, फायबरग्लासच्या बॉडीची, आत रेनोचं १,१४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. वडील गेल्यावर गाडी दोन वर्षं शेडमध्ये झाकून होती. आता बाहेर काढली तर हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल पिते. सकाळी सुरू करताना निळा धूर येतो. चोर्ला घाट उतरून सपाटीला लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा येतो. वडिलांनी पणजीत कॉम्प्रेशन (सिलिंडर आतली हवा किती दाबतो तो आकडा) तपासून घेतलं होतं तेव्हा चारही सिलिंडर १२ किलोच्या आसपास होते, तशी त्यांच्या वहीत नोंद आहे. परवा बेळगावात तपासलं तर तीन ११ आणि एक ८. वडिलांच्या वेळेपासूनचे मेस्त्री म्हणतात, "इंजिन उतरवू, मारुती ८०० च्या पन्नास साइझच्या रिंगा बसतात, दोन दिवसांत गाडी देतो." पुण्यातला भाचा म्हणतो, स्पोर्ट्स कार आहे, परदेशी मॉलिब्डेनमच्या रेसिंग रिंगा आणि फोर्ज्ड पिस्टनच घाला. पत्नी म्हणतात, विकून टाका. प्रश्न दोन आहेत : रिंगा, म्हणजे पिस्टनवरची सिलिंडरशी फट बंद करणारी कडी, कुठल्या घ्यायच्या, आणि मेस्त्रींचं ऐकलं नाही तर त्यांना वाईट वाटेल, त्याचं काय करायचं.

---

नमस्कार. आधी एक विनंती : सध्या एकही रिंग विकत घेऊ नका. मेस्त्री, भाचा आणि तुम्ही, तिघांचं कुठली रिंग यावर भांडण आहे, पण रिंगा गेल्यात हे तिघांनीही गृहीतच धरलंय. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यातली लक्षणं मला निराळंच काही सांगतात.

धूर कधी येतो ते बघा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना, आणि घाट उतरल्यावर. रात्रभर उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. घाट उतरताना तुम्ही ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, गाडी गिअरवर रोखलेली असते, इनटेकमध्ये मोठी पोकळी तयार होते, आणि ती व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल ओढून घेते. खाली सपाटीला पाय दाबला की ते सगळं एकदम धूर होऊन बाहेर. ही दोन्ही लक्षणं आधी व्हॉल्व्ह सीलकडे, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या कड्यांकडे, बोट दाखवतात. रिंगांचा धूर चढावर जास्त दिसतो, इंजिनावर ओझं असताना, आणि एकदा सुरू झाला की सहसा थांबत नाही. कणकुंबीकडून खाली जाताना नव्हे, गोव्याहून परत वर येताना मागे कुणाला तरी यायला सांगा आणि त्याला विचारा धूर दिसतो का. व्हॉल्व्ह सील रबराचे असतात. दोन वर्षं न फिरलेल्या गाडीत ते कडक होणं यात नवल काही नाही, आणि ते बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट कॉम्प्रेशनची. वहीतले १२ पणजीतले, म्हणजे समुद्रसपाटीचे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि इथे हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडर आत घेतो तीच हवा पातळ, म्हणून दाबल्यावर आकडाही तितकाच खाली येतो. १२ चे ११ होणं हे घाट चढल्याचं बिल आहे, झिजेचं नव्हे. ते तीन सिलिंडर ठीक आहेत. (गाडी गोव्यात जरा जास्त पळते असं वडील म्हणायचे, असंही तुम्ही लिहिलंय. खरंच पळत असणार, त्याचं कारणही हेच.)

उरला तो ८ वाला. तो मात्र खरा रोगी आहे. पण रोग रिंगेचा की व्हॉल्व्हचा हे अजून कुणी बघितलेलं नाही. बघायला चमचाभर इंजिन ऑइल लागतं. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि इग्निशनची जोडणी सोडवा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, आणि त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. ८ चे १० झाले तर ऑइलनं रिंगेची फट भरून काढली, म्हणजे गळती रिंगेतून. ८ चे ८ च राहिले तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शंका राहिलीच तर कॉम्प्रेसरची हवा त्या सिलिंडरमध्ये सोडून कान लावा. ऑइल भरायच्या तोंडातून फुस आवाज आला तर रिंग, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

आणि समजा रिंगच निघाली, तरीही ती झिजलीच असेल असं नाही. उभ्या गाडीत कार्बन आणि चिकटलेल्या ऑइलमुळे रिंग खोबणीत अडकून बसते, सिलिंडरला टेकतच नाही. प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं द्रव सोडून रात्रभर ठेवणं, मग ऑइल बदलणं आणि गाडी थोडे दिवस नीट ओझ्याखाली चालवणं, एवढ्यावरही कधी कधी सुटते. नाही सुटली तर इंजिन खोलायला आहेच.

आता धरून चालू की सगळं तपासलं आणि इंजिन उतरवायचंच ठरलं. इथे भाच्याशी दोन शब्द. त्याचं गणित असं : गाडी स्पोर्ट्स, म्हणून रिंग स्पोर्ट्स. पण तुमची गाडी दुर्मिळ आहे, तिचं इंजिन नाही. हे रेनोचं डी७एफ. युरोपात हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगो या साध्या घरगुती गाड्यांत लाखोंनी बसलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७६.८ मिमी, ताकद ६० हॉर्सपॉवरच्या घरात. फोर्ज्ड पिस्टन टर्बोच्या माराला आणि शर्यतीच्या उष्णतेला लागतात. ते जास्त फुगतात म्हणून सैल बसवावे लागतात, आणि थंड इंजिनात खडखडतात. तुम्हाला रविवारी जांबोटीपर्यंत जाऊन यायचंय. भाच्याची हौस मी समजू शकतो, पण त्यानं सुचवलेल्या पैशांत इथे अख्ख्या इंजिनाचं काम नीट होईल. इंजिन नंबर देऊन युरोपातल्या पार्टवाल्याकडून याच इंजिनाचा साधा, कंपनीच्या मापाचा सेट मागवता येतो. इतका वेळ तो शोधायचं कुणाला सुचलं नाही, याचं कारण सगळे 'सॅन स्टॉर्मच्या रिंगा' शोधत होते.

मेस्त्रींच्या मारुतीकडे येऊ. त्यांना हसू नका, त्यांचा हिशेब पक्का आहे. मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिमी. त्यात पन्नास साइझ, म्हणजे अर्धा मिमी मिळवला की बरोबर ६९. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात नाही, ती हातांना माहीत असते. पण रिंगेला बोअर हे एकच माप नसतं. तिची उभी जाडी पिस्टनच्या खोबणीशी जुळावी लागते. दोघांमध्ये साधारण ०.०३ ते ०.०८ मिमी मोकळीक हवी. रिंग बारीक पडली तर ती खोबणीत वरखाली आपटते आणि दर फेरीला ऑइल वर पंप करते, म्हणजे ज्या दुखण्यासाठी इंजिन खोललं तेच वाढतं. तिसरं माप आडवं, रिंग खोबणीत किती खोल शिरते ते. रिंग खोबणीपेक्षा रुंद निघाली तर मागे टेकून बाहेर उभी राहते आणि सिलिंडर ओरबाडते. ही तिन्ही मापं तिन्ही रिंगांची, म्हणजे वरची कॉम्प्रेशन, मधली आणि खालची ऑइल रिंग, जुळली तर खुशाल मारुतीच्या घाला. रिंगेला गाडीचं नाव कळत नाही. मात्र मारुती तीन सिलिंडरची आहे, चौथ्या सिलिंडरसाठी दुसरा सेट फोडावा लागेल, तेव्हा 'स्वस्तात' हा शब्द तपासून घ्या.

पण याच्याही आधीचा मुद्दा राहिलाच. कासाराकडे गेल्यावर तो आधी हात बघतो, मग बांगडी काढतो. तुमच्या सिलिंडरचा हात अजून कुणी बघितलेला नाही. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ठोकळा, बिडाचा आहे असं तुम्ही लिहिलंय. वापरलेला बिडाचा सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथपर्यंत जाऊन परत फिरते तिथे जास्त झिजतो, तळाशी कमी. व्यास ०.१० मिमीनं वाढला की परीघ ०.३१ मिमीनं वाढतो आणि तेवढीच रिंगेच्या दोन टोकांमधली फट उघडते. म्हणजे खाली नीट बसवलेली रिंग वर जाताना उघडते, खाली येताना मिटते. ३,००० आरपीएमला हे मिनिटाला ३,००० वेळा. अशा सिलिंडरमध्ये तुम्ही मारुतीची टाका, रेनोची टाका की सोन्याची टाका, काही महिन्यांत धूर परत येणार. आणि सिलिंडर वाढलाय म्हणून एक साइझ मोठी रिंग आणून टोकं घासून बसवायची, ही आपल्याकडची जुनी युक्ती सिलिंडर गोल करत नाही. फक्त फट झाकते.

म्हणून बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, उभा-आडवा, असा सहा ठिकाणी मोजून घ्या. आकडे कागदावर लिहून घ्या. बेळगावात राहून ही सोय नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह मायक्रॉनच्या मापात घासले जातात, क्रँकशाफ्टची कामं होतात. गाडीच्या गॅरेजमध्ये बोअर गेज नसेल, पण दोन गल्ल्या पलीकडे नक्की असेल.

फरक ०.०५ मिमीच्या आत असेल आणि ओरखडे नसतील तर हलकं होनिंग (सिलिंडर आतून दगडानं बारीक घासणं) आणि स्टँडर्ड रिंगा, बस. ०.१० च्या पुढे गेला तर रिंगांचा विचार सोडा, बोअरिंगचा, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करण्याचा, करा. त्या वेळी पिस्टन आणि रिंगा एकत्रच घ्यायच्या, आणि क्रम चुकवायचा नाही : आधी मोठ्या मापाचे पिस्टन हातात येऊ देत, ते मोजू देत, मग त्यांच्या मापानं ब्लॉक कापू देत. ब्लॉक कापून झाला आणि पिस्टन मिळेनात, अशी इंजिनं मी पोत्यात गुंडाळलेली बघितली आहेत. तुमच्या इंजिनाचे मोठे पिस्टन वेळेत मिळत नसतील तर उलटी वाट घ्या. ब्लॉकमध्ये स्लीव्ह (आतलं नवं नळकांडं) बसवून बोअर परत ६९ वर आणायचा, मग स्टँडर्ड पिस्टन, स्टँडर्ड रिंगा. खर्च वाढतो, पण हे काम बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात रोजचं आहे. आणि हो, मशीन शॉपमध्ये बोलताना मिमीतच बोला. मेस्त्री 'वीस साइझ' म्हणतील तेव्हा त्यांच्या मनात वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) असतात. वीस थाऊ म्हणजे ०.५०८ मिमी. वरचे आठ मायक्रॉन क्षुल्लक वाटतात, पण पिस्टनची सगळी मोकळीकच सहसा तीन-चार शतांश मिमी असते.

धातूचा प्रश्न भाच्यानं काढलाच आहे तर तोही संपवू. मॉलिब्डेनमची रिंग चांगली. तिचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो, ऑइल धरून ठेवते, लवकर बसते. तिला बारीक होनिंग लागतं, ३२० ते ४०० ग्रिटचं. धुळीत मात्र ती नाजूक. क्रोमची रिंग कडक, धूळ सोसते, पण बसायला वेळ घेते आणि होनिंग जरा खरखरीत मागते. साध्या बिडाची रिंग स्वस्त, पटकन बसते, लवकर झिजते. तुमचे रस्ते कुठले? उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून धुराळा खात जायचं. त्या धुराळ्यात मी वरच्या रिंगेला क्रोम किंवा नायट्राइड केलेलं पोलाद पसंत करीन. कंपनीच्या मापाचा सेट मिळाला तर कंपनीनं जे दिलं तेच, डोकं न लावता. जी रिंग घ्याल तिच्या पाकिटावर होनिंगचं ग्रिट लिहिलेलं असेल, ते मशीनवाल्याला ब्लॉक देतानाच सांगा. आणि एअर फिल्टरच्या डब्याचं रबर बदला. तिथून धूळ गेली तर क्रोमही काही करू शकत नाही.

फटीबद्दल. साध्या इंजिनाच्या वरच्या रिंगेला बोअरच्या हजारात चार भाग, असा ढोबळ नियम आहे. ६९ मिमीला ०.२८ मिमीच्या आसपास. मधल्या रिंगेची फट तेवढी किंवा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दोन रिंगांमध्ये गॅस कोंडून वरची रिंग उचलली जात नाही. सेटबरोबर कंपनीचा आकडा आला तर तोच धरा. रिंग सिलिंडरमध्ये टाका, पिस्टन उलटा धरून तिला वीस-पंचवीस मिमी खाली सरळ ढकला, टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. सिलिंडर थोडा निमुळता असेल तर खाली, सर्वात अरुंद जागी मोजा. फट थोडी जास्त झाली तर नुकसान नगण्य. कमी राहिली तर गरम होऊन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला चिकटते, कधी पिस्टनचा काठच तोडते. घासताना कानस बाहेरून आत चालवा, उलट चालवली तर मुलाम्याचा टवका उडतो. चौघींची वेगळी मोजणी करा, एकीचं माप घेऊन चौघी घासू नका. ठिपक्याची किंवा टॉप लिहिलेली बाजू वर.

ज्यावर कुणी वाद घालत नाही आणि जे सर्रास चुकतं ते म्हणजे धुणं. होनिंग झालं की सिलिंडरच्या बारीक चरांत दगडाची पूड बसलेली असते. गॅरेजमध्ये ती रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुतात, सिलिंडर चकचकीत दिसतो, आणि पूड तिथेच राहते. ती साबणाच्या गरम पाण्यानं आणि ब्रशनंच निघते. घासा, पुसा, मग पांढऱ्या सुती फडक्याला इंजिन ऑइल लावून सिलिंडरमध्ये फिरवा. फडकं राखाडी निघालं तर परत साबण. पांढरं निघेपर्यंत. झाल्यावर लगेच ऑइलचा हात, नाहीतर आपल्या पावसाळी हवेत बीड तासाभरात तांबूस दिसायला लागतं. महागडी रिंग आणि अर्धवट धुतलेला ब्लॉक यापेक्षा साधी रिंग आणि स्वच्छ ब्लॉक मी कधीही घेईन. बुलेटवाले, जीपवाले आणि जुन्या मारुतीवाले वाचक, हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे.

मेस्त्रींना वाईट वाटेल असं तुम्ही धरून चालला आहात. विचारून बघितलंय का? ज्यानं ६८.५ अधिक अर्धा हे तोंडी जुळवलं, त्या माणसाला मापाचं वावडं असेल असं मला वाटत नाही. वाईट वाटेल ते त्यांच्या पाठीमागे ब्लॉक दुसरीकडे नेलात तर. त्यांनाच म्हणा, "मामा, ब्लॉक मापायला उद्यमबागेत नेऊ या, तुम्हीच चला की बरोबर, मला त्यातलं काय कळणार?" त्या दिवसाची त्यांची मजुरी द्या, आणि मोजणीचा कागद त्यांच्या हातात द्या. शिवाय दोन दिवसांत गाडी देण्याचं ओझं त्यांच्यावरून काढा. दोन दिवसांत ना मोजणी होते, ना धुणं. घाई तुमच्याकडून नाही हे कळलं की पुष्कळ मेस्त्री निराळंच काम करतात.

विकण्याबद्दल वहिनींशी तुम्हीच बोला, पण ऑइल टेस्ट झाल्यावर. धूर सोडणारी गाडी विकायला काढली तर पडेल भावात जाईल, आणि कारण कदाचित नुसते व्हॉल्व्ह सील असतील.

रिंगा बदललात तर सुरुवातीला साधं मिनरल ऑइल घाला, सिंथेटिक नको. सुरू करून अंगणात तासभर घुरघुरत ठेवू नका. त्यानं सिलिंडरला काचेसारखी चकाकी येते आणि रिंग बसतच नाही. गरम झाली की बाहेर काढा. काकती-होनग्याच्या पुढे वंटमुरी घाटाचा चढ यासाठी छान आहे : मधल्या गिअरात दाबून चढायचं, उतारावर पाय सोडून इंजिनावर रोखत यायचं, वेग सारखा बदलत ठेवायचा, पण रेड लाइनजवळ जायचं नाही. शंभरेक किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, पुन्हा पाचशेच्या आसपास.

इंजिन खोललंत तर जुन्या रिंगा भंगारात जाऊ देऊ नका. कुठली कुठल्या सिलिंडरची आणि कितवी, हे लिहून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. नवा सेट आला, मग तो रेनोचा असो की मारुतीचा, की पैसे पूर्ण देण्याआधी जुनी आणि नवी शेजारी ठेवून मायक्रोमीटरनं जाडी ताडून बघा. आणि नवी रिंग खोबणीत बोटानं सगळीकडे फिरते का, तेही तिथेच बघून घ्या.